खाण कोणाची, नकाशा कोणाच्या हातात?

(चंद्रपूर जिल्ह्यातील एका अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या संयोजकांनी मला जो विषय नेमून दिला तो 'खाणींच्या प्रदेशातील विद्यापीठ आणि भूशास्त्राचे शिक्षण' असा आहे. काल रात्री जेवणाच्या पंगतीत आपल्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने तो ऐकला आणि मला सरळच विचारले, "सर, आम्ही इतकी वर्षे जमिनी वाचवण्यासाठी मोर्चे काढतो आहोत, आणि तुम्ही आमच्याच पोरांना खाणकाम शिका म्हणून सांगायला आलात? उद्या हीच पोरे डोक्यावर हेल्मेट घालून आमच्या बांधावर खुंट्या ठोकायला येतील." मी त्यांना रात्री उत्तर दिले नाही. हा प्रश्न पंगतीत निकालात काढण्याजोगा नव्हता, हे एक कारण. आणि भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो अनेकदा स्वतःलाही विचारावा लागलेला आहे, हे दुसरे. आजचे माझे बोलणे म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असेच आपण समजावे.

प्रथम आपण कोठे बसलो आहोत ते पाहू. येथून पश्चिमेकडे, पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ चुनखडीचा एक खडक आहे. तो कोणीतरी पत्थरघाशा घेऊन झिलई करावी तसा गुळगुळीत झालेला असून त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे आहेत. १८७५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेडन नावाच्या अधिकाऱ्याने ह्या ओरखड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे ओरखडे हिमनदीचे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, ज्या चंद्रपुरात आज मे महिन्यात डांबर वितळते, तेथे बर्फाचे प्रचंड थर सरकत होते आणि त्यांच्या तळाशी अडकलेले धोंडे ह्या खडकावर रेघा ओढत होते. पुढे बर्फ वितळला, सखल भागांत दलदली झाल्या, त्यांत वनस्पती वाढल्या, पडल्या, गाडल्या गेल्या, आणि त्यांचा कोळसा झाला. वर्धेच्या खोऱ्यातला जो कोळसा आज रात्रंदिवस डम्परांत भरला जातो, तो हाच.

ह्या साऱ्या खडकांच्या मालिकेला जगभरच्या भूशास्त्रात एकच नाव आहे : गोंडवन. मेडलिकॉट ह्या भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये आपल्या लिखाणात ते वापरले, १८७६ मध्ये फाइस्टमंटेल याने ते छापील स्वरूपात रूढ केले, आणि १८८५ च्या सुमारास ऑस्ट्रियातील झ्यूस याने दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडालाच 'गोंडवनलँड' म्हटले. ब्राझिलमधला विद्यार्थी आणि दक्षिण आफ्रिकेतला विद्यार्थी आज गोंडांचे नाव घेतल्याशिवाय भूशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकत नाही. परंतु ज्यांचे हे नाव आहे त्या गोंडाचा, माडियाचा, कोलामाचा मुलगा मात्र भूशास्त्राच्या वर्गात क्वचितच आढळतो. तो आढळतो खाणीच्या फाटकावर, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. नाव पुस्तकात गेले आणि माणूस मजुरीत राहिला. ह्या प्रदेशातील शिक्षणाचा प्रश्न ह्याहून थोडक्यात सांगता येईल असे मला वाटत नाही.

हे असे का झाले, हे समजून घ्यावयाचे तर आपल्या देशात भूशास्त्र कोणत्या वाटेने आले ते पाहिले पाहिजे. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम याच्या नेतृत्वाखाली भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभे राहिले. ते उभे करताना कंपनी सरकारच्या नजरेसमोर होता तो कोळसा : आगबोटींसाठी आणि येऊ घातलेल्या आगगाड्यांसाठी. त्या सर्वेक्षणात मोठमोठ्या बुद्धीची आणि चिकाटीची माणसे होती, त्यांनी जंगले पायांखाली घातली, आणि त्यांचे ऋण मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. परंतु जमिनीखाली काय आहे याचे ज्ञान प्रथम सरकारी दप्तरात गेले, तेथून भांडवलाच्या हाती गेले, आणि जमिनीवर नांगर धरणाऱ्यापर्यंत ते पोहोचले तेव्हा त्याचे रूप भूसंपादनाच्या नोटिशीचे होते.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहखनिजासंबंधी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहारा येथील खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ जवळ आहेत, असे त्यात होते. जमशेटजी टाटांनी तो वाचला आणि हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढण्याचा विचार त्यांच्या मनात मूळ धरू लागला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उपयोगी ठरला नाही. पुढे नागपूरच्या संग्रहालयातील भूशास्त्रीय नकाशाकडे दोराबजी टाटांचे लक्ष गेले, शोध दुर्गकडे वळला, आणि अखेरीस १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी लिहिलेल्या पत्रामुळे तो मयूरभंजला स्थिरावला. हे बोस कोण? भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारपदावर नेमले गेलेले पहिले भारतीय. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिजही त्यांनीच नोंदवलेले. त्यांच्याहून कितीतरी कनिष्ठ असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला त्यांच्या डोक्यावर बसवण्यात आले तेव्हा १९०३ मध्ये ते नोकरीतून बाहेर पडले. ज्ञान हाती असूनही अधिकार हाती नसेल तर काय होते, याचा हा धडा आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एका पत्राने आणि एका नकाशाने देशाचे औद्योगिक चित्र बदलले. नकाशा वाचता येणारा माणूस कोठे उभा राहतो, ह्याला एवढे महत्त्व असते.

म्हणूनच खाणकामाचे शिक्षण ही मागणी आपल्या राष्ट्रीय चळवळीने फार लवकर केली, हे विसरता कामा नये. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनात राष्ट्रीय सभेने लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्सच्या धर्तीवर हिंदुस्थानात खनिकर्म महाविद्यालय काढावे, असा ठराव केला. सरकारला जाग येण्यास पंचवीस वर्षे लागली. १९२६ च्या डिसेंबरात धनबाद येथे इंडियन स्कूल ऑफ माइन्स सुरू झाले. १९६७ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०१६ मध्ये ते आयआयटी झाले. कोळशाच्या पट्ट्याच्या मध्यभागी विद्यापीठ असणे, ही कल्पना अगदी योग्य होती. वैद्यकाचा विद्यार्थी जसा रुग्णालयाशेजारी शिकतो, तसा खाणकामाचा विद्यार्थी खाणीशेजारी शिकला पाहिजे.

ही कल्पना मूळची आहे जर्मनीतील सॅक्सनीची. तेथील चांदीच्या खाणींच्या फ्रायबर्ग गावी १७६५ मध्ये खनिकर्म अकादमी निघाली आणि युरोपभरचे विद्यार्थी तेथे येऊ लागले. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा तिचाच विद्यार्थी. शिक्षण संपवून तो खाणींचा सरकारी अधिकारी झाला, आणि त्याच्या ध्यानात आले की, वर अधिकारी शिकलेला आणि खाली खाणकरी निरक्षर, अशा स्थितीत खाण चालवणे म्हणजे माणसे मारणे होय. १७९३ मध्ये त्याने श्टेबेन ह्या खेड्यात खाणकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शाळा काढली. आरंभीचा खर्च पदरचा केला, पाठ्यपुस्तक स्वतः लिहिले. आणि त्या शाळेत खडकांची ओळख, होकायंत्राचा वापर, हिशेब आणि खाणीसंबंधीचे कायदे असे विषय ठेवले. मोठी अकादमी एकीकडे आणि ही लहान शाळा दुसरीकडे. आपल्याकडे धनबादची अकादमी आली. श्टेबेनची शाळा मात्र कधी आली नाही. माझ्या मते आपल्या खाणपट्ट्यांच्या दुर्दशेचे हे एक मोठे कारण आहे.

ह्याचा अर्थ काय होतो, ते चासनाल्याने दाखवून दिले. २७ डिसेंबर १९७५. धनबादजवळच्या ह्या खाणीत वरच्या अंगाच्या जुन्या, सोडून दिलेल्या पोकळ्यांत प्रचंड पाणी साठलेले होते. ते पाणी आणि चालू खाण यांच्यामधला आडोसा फुटला, आणि ३७५ कामगार आत बुडून मेले. ज्या गावात खाणकामाचे देशातील सर्वश्रेष्ठ विद्यापीठ आहे, ज्या गावात खाणसुरक्षेच्या सरकारी खात्याचे मुख्यालय आहे, त्या गावाच्या शेजारी हे घडले. पुढे २००१ च्या फेब्रुवारीत बागडिगी येथे पुन्हा शेजारच्या जुन्या खाणीतले पाणी आत घुसले आणि २९ माणसे गेली. तेथे तर जुन्या खाणीचा नकाशाच चुकीचा होता. साथींनो, कागदावरची एक रेघ काही हात इकडची तिकडे झाली की माणसे मरतात. खाणीचा नकाशा ही केवळ कचेरीतील वस्तू नव्हे. आत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आयुष्याची ती पत्रिका आहे. आणि ज्याचे आयुष्य त्यात लिहिलेले आहे त्यालाच ती वाचता येत नाही.

येथे आपल्या स्वतःच्या विचारातील एका उणिवेकडेही लक्ष वेधणे मला अवश्य वाटते. १९७२ मध्ये कोकिंग कोळशाच्या आणि १९७३ मध्ये इतर कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा आपल्याला वाटले की, मुख्य प्रश्न सुटला. खाजगी मालकांच्या काळातील अमानुषपणा ज्यांनी पाहिला त्यांनी त्या दिवशी गुलाल उधळला, ह्यात काही चूक नव्हती. परंतु चासनाल्याची खाण दुर्घटनेच्या वेळी सरकारच्याच नियंत्रणाखाली होती. मालकी बदलली; ज्ञानाची उतरंड तशीच राहिली. पुढे सरकारी खाणींतही मातीचे थर काढण्याचे काम कंत्राटदारांकडे गेले, २०२० पासून तर कोळशाच्या खाणी व्यापारी उत्खननासाठी लिलावात निघू लागल्या, आणि आपण मालकीबद्दलच बोलत राहिलो. खाण कशी चालते, कोठे थांबवता येते, तिचे पाणी कोठे जाते, हे बोलण्याची भाषा आपण कमावलीच नाही.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तेथे शेतकऱ्याची एक मुलगी पदव्युत्तर वर्गात होती. तिच्या गावाशेजारी एक खुली खाण वाढत वाढत शिवेपर्यंत आली होती आणि गावातल्या विहिरी आटू लागल्या होत्या. गावकरी म्हणत, खाणीने पाणी ओढले. खाणीचे अधिकारी म्हणत, पाऊस कमी झाला. दोघेही आपापल्या जागी ठाम, आणि कोणाजवळच मोजमाप नाही. त्या मुलीने प्रबंधासाठी हाच विषय मागितला. विभागात नाराजी झाली. हे काही भूशास्त्र नव्हे, हे राजकारण आहे, असे तिला सांगण्यात आले. मी मार्गदर्शक होण्याचे मान्य केले म्हणून प्रकरण कसेबसे निभावले.

शास्त्र सोपे होते. ह्या भागात कोळशाच्या वर बहुधा कामठी वालुकाश्माचा थर असतो; आपल्या नागपूरजवळच्या कामठीवरूनच त्याचे नाव पडले आहे. हा खडक पाणी धरून ठेवतो आणि आपल्या विहिरींना पाणी देतो. खुली खाण त्याच्या आरपार खाली जाते. खाण कोरडी ठेवण्यासाठी पंप रात्रंदिवस चालतात, आणि मग भोवतीचे पाणी त्या खड्ड्याकडे उतरू लागते. एका विहिरीवर दिवसभर मोट चालली की शेजारच्या विहिरीचे पाणी खाली जाते, हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. गरज होती ती मोजण्याची.

तिने अकरा विहिरी निवडल्या. आठ खाणीच्या बाजूच्या, तीन नाल्यापलीकडच्या. मोजणीचे दिवस ठेवले ते अमावास्या आणि पौर्णिमा, कारण ते गावातल्या कोणाच्याही ध्यानात राहतात. एका दोरीला हातहातावर गाठी मारल्या, टोकाला वजन बांधले, आणि ती नसेल तेव्हा शाळेतली पोरे व चार बायका ही मोजणी करू लागल्या. चौदा महिने हे चालले. नाल्यापलीकडच्या तिन्ही विहिरी उन्हाळ्यात उतरल्या आणि पावसाळ्यात पुन्हा भरल्या. खाणीकडच्या सात विहिरी उतरल्या त्या पावसाळ्यानंतरही पूर्वीच्या पातळीला आल्या नाहीत.

आणि आठवी? आठवी विहीर खाणीला सर्वांत जवळची होती आणि ती मात्र भरलेली राहिली. गावातल्या कार्यकर्त्यांनी तिला सांगितले, ही विहीर यादीतून काढून टाक. खरे सांगायचे तर माझ्याही मनात क्षणभर तोच विचार आला. ती मुलगी म्हणाली, "सर, तीही मोजली आहे, तर तीही लिहिली पाहिजे." मग आम्ही पुन्हा जाऊन पाहिले. त्या विहिरीच्या वरच्या अंगाला जुना मामा तलाव होता आणि त्याचा पाझर तिला मिळत होता. प्रबंधात हे सगळे गेले.

खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली तेव्हा ती मुलगी वही घेऊन उभी राहिली. तिच्या आधी बोलणाऱ्यांची भाषणे आवेशपूर्ण झाली होती आणि अधिकारी जांभया देत होते. तिने आकडे वाचले. कंपनीच्या सल्लागाराने तत्काळ विचारले, "सर्वांत जवळच्या विहिरीत तर पाणी आहे, ते कसे?" त्याला वाटले, आता हिची दांडी उडवली. तिने तलावाचा पाझर सांगितला, नकाशा पुढे ठेवला, आणि सभेत शांतता पसरली. ती विहीर आम्ही यादीतून काढली असती तर त्या एका प्रश्नाने चौदा महिन्यांचे काम मातीत गेले असते. कार्यकर्त्यांनी शास्त्राकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट कोणती असे मला कोणी विचारले तर मी ही आठवी विहीर सांगतो. आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही जो स्वतः मांडतो त्याचा शब्द खोडून काढणे कठीण जाते.

ह्या गोष्टीचा शेवट मी फुलवून सांगणार नाही. खाणीला परवानगी मिळाली. परंतु तिचे आकडे इतिवृत्तात गेले, पाण्याच्या पातळीची नियमित मोजणी करण्याची आणि गावाला पर्यायी पाणी देण्याची अट पडली, आणि 'पाऊस कमी झाला' हे उत्तर त्या गावात पुन्हा कोणी दिले नाही. विजय म्हणावा इतके हे मोठे नाही. पण त्यापूर्वीच्या सगळ्या मोर्चांनी एवढेही पदरात पडले नव्हते.

आता काल रात्रीच्या प्रश्नाकडे येतो. शिकलेली पोरे कंपनीची होतील, ही भीती निराधार नाही. पुष्कळ होतात. ह्याला कारण जसे पोटाचे आहे तसे अभ्यासक्रमाचेही आहे. आपल्याकडे खाणकामाच्या अभ्यासक्रमात खनिज बाहेर कसे काढावे ह्याला जेवढी जागा आहे, त्याच्या कितीतरी पट कमी जागा खाण बंद कशी करावी, माती पुन्हा कशी लावावी, गाव उठले तर त्याचे काय करावे, ह्यांना आहे. विद्यार्थी खाणीत जातो तो अधिकाऱ्याच्या जीपमधून, आणि कामगारांच्या वस्तीत त्याला कोणी नेत नाही. छताला काठीने ठोकून त्याच्या आवाजावरून ते सुटते आहे की धरून आहे हे ओळखणारा जुना खाणकामगार त्याला कधी गुरुस्थानी दाखवला जात नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तरकाशीच्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकून पडले होते. परदेशी यंत्र मोडले तेव्हा शेवटचे काही मीटर हातांनी खोदून वाट काढली ती उंदरांच्या बिळांसारख्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांनी. त्यांचे ते ज्ञान कोणत्याही विद्यापीठाने त्यांना दिलेले नव्हते, आणि कोणत्याही विद्यापीठाने ते त्यांच्यापासून शिकूनही घेतलेले नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही कहाणी अधिकच दुखरी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी झरियाच्या खाणींत नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपल्या भरून वाही. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांना टप्प्याटप्प्याने भूमिगत खाणींतून बाहेर काढले. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये त्याच स्त्रियांना पुन्हा आत ढकलले, आणि युद्ध संपताच पुन्हा बाहेर काढले. १९५२ च्या खाण कायद्याने ही बंदी कायम ठेवली. संरक्षण म्हणून आलेल्या त्या कलमाचा परिणाम असा झाला की, मुलगी खाणकामाची पदवी घ्यायला निघाली तर तिला विचारले जाई, खाणीत उतरायला बंदी आहे, मग शिकून काय करणार? २०१९ च्या जानेवारीत तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांसाठी दिवसपाळीत स्त्रियांना भूमिगत खाणीत उतरण्याची मुभा मिळाली. म्हणजे मजूर म्हणून बाहेर काढलेल्या स्त्रीला अभियंता म्हणून परत येण्यास नव्वद वर्षे लागली. परत आली ती मात्र त्या मजूर स्त्रीची नात आहे काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

तेव्हा शिक्षणाला नकार देणे हे उत्तर नव्हे. आपण नकार दिला तरी खाणी चालूच राहतील; फरक इतकाच पडेल की, त्या समजणारा माणूस आपल्या बाजूला एकही नसेल. धनबादच्या कोळसा पट्ट्यात विनोद बिहारी महतो यांनी कुडमी, आदिवासी आणि कामगार पोरांना 'पढो और लढो' अशी घोषणा दिली. ते वकील होते, झारखंडच्या चळवळीचे एक संस्थापक होते, आणि त्यांनी शिकणे व लढणे ही दोन कामे वेगळी मानली नाहीत. त्यांच्याच नावाने २०१७ मध्ये धनबादला कोयलांचल विद्यापीठ निघाले. दल्ली-राजहऱ्याला शंकर गुहा नियोगी यांनी ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. लोहखनिजाच्या त्या खाणींत पूर्ण यांत्रिकीकरण येऊन हजारो हातांचे काम जाणार असे दिसताच त्यांच्या संघटनेने केवळ 'यंत्र नको' अशी आरोळी ठोकली नाही. खाणीच्या कोणत्या कामाला यंत्र हवे आणि कोणते माणसांनीच करणे किफायतशीर आहे, ह्याचा हिशेब मांडून अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना व्यवस्थापनासमोर ठेवली. कामगार संघटना खाणकामाचे शास्त्र वापरून वाटाघाट करते, हे चित्र आपल्या देशात फार थोड्या वेळा दिसले. १९९१ मध्ये नियोगींचा खून झाला. गोळी एका माणसाला लागली. पण अशा माणसाच्या मागे शंभर अभ्यासू कार्यकर्ते उभे असतील तर गोळी झाडणाऱ्यालाही विचार करावा लागेल.

आपल्याकडे २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झाले. कोळसा, चुनखडी, आणि आता सूरजागडचे लोहखनिज, हे सारे त्याच्या अंगणात आहे. अशा विद्यापीठात खाणकामाचे व भूशास्त्राचे शिक्षण वाढले पाहिजे, ह्याबद्दल दुमत नसावे. पण ते कोणाच्या पैशाने, कोणत्या अटींवर आणि कोणासाठी वाढते, ह्यावर आपली नजर असली पाहिजे. स्थानिक पोरांना डम्पर आणि शॉव्हेल चालवण्याचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण, आणि नकाशा करणारे बाहेरून, अशी वाटणी होणार असेल तर ती जुनीच उतरंड नव्या रंगात आहे, असे स्पष्ट म्हणावे लागेल. डम्पर चालवणे हे हलके काम आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या पोराच्या बापाने सात-बारा दिला त्याला भूगर्भाचा सात-बाराही वाचता आला पाहिजे.

पैसा नाही, ही सबब आता चालणार नाही. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आहे आणि खाणधारकाला स्वामित्वधनाच्या जोडीने त्यात ठरावीक हिस्सा भरावा लागतो. शिक्षण हे त्या निधीच्या अग्रक्रमाच्या कामांत आहे. तो पैसा कमानींवर आणि सुशोभीकरणावर खर्च होऊ नये, त्यातून खाणबाधित गावांतील मुलामुलींना भूशास्त्र, खाणकाम, भूमापन आणि भूजल ह्या विषयांच्या शिष्यवृत्त्या मिळाव्यात, ही आपली पहिली मागणी असावी. दुसरी मागणी मराठीची. जनसुनावणीच्या वेळी पर्यावरण अहवालाचे संक्षिप्त सार मराठीत मिळते, पण मुख्य अहवाल इंग्रजीत राहतो. खरी माहिती असते ती त्याच्या परिशिष्टांत. संपूर्ण अहवाल आणि खाण बंद करण्याचा आराखडा मराठीत मिळाला पाहिजे. तिसरी मागणी विद्यापीठाकडे : खाणपट्ट्यातील पाणी, धूळ आणि जमिनीचे खचणे ह्यांची मोजणी हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असावा, आणि ती सर्वांना पाहण्यास खुली असावी.

ही मोजणी आणखी एका कारणाने निकडीची आहे. कोळसा कायम राहणार नाही. काही खाणी संपतील, काही जग बदलते आहे म्हणून बंद पडतील. वरोऱ्याची खाण विसाव्या शतकाच्या आरंभीच बंद झाली, हे आज वरोऱ्यातही फार थोड्यांना आठवते. झरियात १९१६ पासून जमिनीखाली आग धुमसते आहे आणि तिच्यावर वस्त्या आहेत. खाण बंद झाल्यावर खड्ड्यात पाणी किती साठेल, ढिगारा केव्हा घसरेल, कोणती जमीन पुन्हा पिकेल, हे सांगणारी माणसे त्या वेळी कंपनीच्या पगारावर राहणार नाहीत, कारण कंपनीच निघून गेलेली असेल. ती माणसे गावातच असली पाहिजेत, आणि ती आजच शिकायला बसली पाहिजेत.

आता काल रात्रीच्या त्या साथीला माझे उत्तर. तुमचा मुलगा खाणकाम शिकला आणि खुंट्या ठोकायला आला तर आपले अपयश हे असेल की, तो शिकत असताना आपण त्याच्या वसतिगृहावर एकदाही गेलो नाही. कंपनी गेली, तिने शिष्यवृत्ती दिली, नोकरीचे पत्र दिले; आपण मात्र फक्त निवडणुकीत गेलो. दुसरी एक गोष्ट आहे. तो खुंटी ठोकायला आलाच, तरी ती कोठे ठोकायची आणि कोठे ठोकता येत नाही, हे त्याला ठाऊक असेल. ते ठाऊक असलेला माणूस आपलासा करता येतो. अज्ञानी माणसाला आपलासे करून तो आपल्याला काय सांगणार?

पंधरा दिवसांनी अमावास्या आहे. शिबिरातून परत जाताना प्रत्येकाने आपल्या गावातल्या दोन विहिरी ठरवाव्यात, एक दोरी घ्यावी, तिला गाठी माराव्यात, आणि त्या दिवशी पाण्यापर्यंत किती गाठी लागल्या ते वहीत लिहावे. गावात शास्त्र शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर वही तिच्या हाती द्यावी. विहीर भरलेली निघाली तरी लिहावे.